संताजींचा राजीनामा

हापशातून त्या सकाळी जांभळं पाणी आलं. यशोधरेनं बादली उचलली आणि नवऱ्याच्या ताटाशेजारी आदळली.

"बघा. तुमचाच रंग ना?"

संताजींनी वाकून पाहिलं. "परवाच्या लॉटचा. फार सुंदर उतरला होता."

मिलच्या रंगखात्यात त्यांची हयात गेली होती. मिलला टाळं लागलं तेव्हा हा माणूस परदेशीपुऱ्यातल्या घराच्या ओट्यावर बसून नुसता हवेत हात फिरवायचा, कुंडातलं कापड ढवळल्यासारखा. झोपेतसुद्धा. मग शहराबाहेर सांवेर रोडला नवी रंगाई फॅक्टरी आली. साठी उलटलेल्या संताजींना शेठनं मास्टर म्हणून बोलावून नेलं. दोघं फॅक्टरीमागच्या वस्तीत राहायला आली. हात शांत झाले. झोप लागू लागली.

वस्तीची झोप मात्र उडाली. नाल्याला रोज नवा रंग. फेस म्हातारीच्या कापसासारखा उडत यायचा, तुळशीवर बसायचा. दोरीवरची पांढरी धोतरं गुलाबी वाळायची. पोरं त्या पाण्याला होळी म्हणायची आणि मग अंग खाजवत रडायची. देश पुढे चालला आहे, असं रेडिओ सांगत होता. वस्तीतून पुढे जात होता तो फक्त नाला.

यशोधरेनं फॅक्टरीवर केस ठोकली. दर तारखेला शेठचा वकील एकच टोमणा मारायचा, "माताजी के पति खुद वहीं नौकरी करते हैं. पानी इतना खराब है तो छोड़ क्यों नहीं देते?" लोक हसायचे.

"सोडा ती नोकरी," ती म्हणायची. "वय झालं तुमचं."

"वय घरी बसल्यावर होतं."

"तुमच्यापायी माझी केस पडेल."

"आणि केसपायी मी पडलो तर?"

शेजारची मंगला भिंतीपलीकडून ओरडायची, "काकू, काका शेठचे की तुमचे, ते एकदा कोर्टालाच विचारा की!"

त्या जांभळ्या बादलीनंतरही संताजी रोज ड्यूटीवर जात होते. मग एका संध्याकाळी म्हणाले, "शनिवारी कोर्टात चल. लोक अदालत आहे. राजीनामा होतोय."

भाकरीवरचे तिचे हात थांबले. "खरंच? तिथे, सगळ्यांसमोर?"

"जजसाहेबांपुढे. शेठचा वकीलही असेल."

"असू दे. हिणवलं त्यानंच, ऐकू दे त्यालाच." मग तिचा आवाज उतरला. "तुम्हाला करमेल ना हो?"

संताजींनी ताट पुढे ओढलं. "तुला विचारतील तेव्हा हो म्हण. बस."

"मला का विचारतील?"

"केस तुझी आहे ना."

त्या रात्री तिला स्वप्न पडलं. हापशातून पाणी येत होतं आणि त्याला कुठलाच रंग नव्हता. ती ओंजळ भरत होती, आणि पाण्यातून तिला स्वतःच्या हातावरच्या रेषा दिसत होत्या.

शनिवारी कोर्टाच्या मांडवात ती त्याच स्वप्नातून चालत आल्यासारखी शिरली. पंखे घरघरत होते. माणसं पाण्याखाली असल्यासारखी सावकाश हलत होती. वकील काहीतरी भराभर वाचत होता. बाजारातली हिंदी तिला यायची, कोर्टातली नाही. एकच शब्द कानाला ओळखीचा लागला.

जजसाहेबांनी मान वर केली. "माताजी, राजीनामा मंज़ूर है?"

"मंजूर! एकदम मंजूर, साहब. कब से राह देख रही थी."

"किसी का दबाव तो नहीं?"

"दबाव कसला! मैंनेच पीछे लगके करवाया."

मांडव हसला. आज ते हसणं तिला गोड लागलं. दाखवलं तिथे तिनं सही केली. संताजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. लाजले असतील, तिला वाटलं.

बाहेर येऊन तिनं कोर्टाच्या बाबूला गाठलं. "भिया, आता तर वकिलाचं तोंड बंद झालं. केसची पुढची तारीख कोणती?"

"अब काहे की तारीख, माताजी?" बाबू हसला. "आपने राजीनामा कर लिया, मतलब समझौता, दोनों पार्टी राजी. केस खतम. संताजी तो ड्यूटी पे निकल भी गए."