आठ दिवसांची तहान

मंजुळानं साखर मोजायच्या यंत्राच्या काचेवर द्राक्षाचा मणी चुरडला. परवा साखर बावीस होती, आज एकोणीस! तेवीसच्या खाली वाइनरी माल घेणार नव्हती, आणि वाइनच्या द्राक्षांचं हे पहिलंच पीक. तिनं वेलीखाली हात घातला. माती ओली.

"तात्या, पाणी सोडलंत? गोडी उतरली ना सगळी!"

जन्मभर खायची द्राक्षं पिकवलेले सासरे ओशाळले. "वेली तहानेनं माना टाकून उभ्या होत्या गं. बघवेना."

तिनं वाइनरीला फोन लावला. गोडी वाढवायला आठ दिवस मिळाले, तेही शेवटचे.

"आता थेंबभर पाणी नाही, तात्या. जमेल?"

तात्या होकाराची मान हलवता हलवता मध्येच थांबले.

"मला तोवर लेकीकडं नेऊन सोड, पोरी. इथं राहिलो तर हात ऐकायचा नाही."