शेडखालचे भुंगे

"भुंगे मी मारत नाही, बेरिलबाई," प्यू म्हणाला आणि आपली पिशवी आवरू लागला. उंदीर, झुरळं, गांधीलमाश्या, काय वाट्टेल ते तो मारायचा. गावात त्याचा तोच धंदा होता. पण भुंगे म्हटले की हा गडी विरघळायचा. "गरीब जात आहे हो. सप्टेंबर आला की आपोआप संपतात. तोवर शेडकडे फिरकू नका म्हणजे झालं."

"माझा मुलगा शनिवारी येतोय," बेरिल म्हणाली. "सप्टेंबरात नाही."

"मग त्यांचं घरटं उचलून दोन-तीन मैल लांब नेऊन ठेवा. पण ते शेडच्या तळाखाली आहे, उंदराच्या जुन्या बिळात. शेड पाडल्याशिवाय हात पोचायचा नाही." एवढं बोलून तो गेलाच.

तिचा मुलगा एड्रियन अकरा वर्षांत या घरी आला नव्हता. फेब्रुवारीत त्याचे वडील गेले, तर अंत्यविधी उरकून तिथूनच परस्पर निघून गेला. नातीला बेरिलनं फक्त फोटोत पाहिलं होतं. रविवारचा फोन मात्र तो कधी चुकवत नसे. इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या त्या भागात तोंडावर 'नाही' म्हणणं असभ्य मानतात. माणसं मध्ये काहीतरी सबब घालतात. एड्रियननं आजवर सर्दी घातली, रस्त्याची कामं घातली, छपराची गळती घातली, सासूबाईंचा गुडघाही घातला. बेरिल दर वेळी "हो रे, कळतं मला" म्हणायची आणि फोन ठेवून ओट्यापाशी रडायची. गेल्या रविवारी तिनं सहज शेडखालच्या भुंग्यांचा विषय काढला, आणि तो लगेच म्हणाला, "अगं, मग फीबीला कसं आणणार? चार वर्षांची आहे ती. चावले बिवले तर?"

सर्दीचं तिला काही करता येत नव्हतं. रस्त्यांचंही नाही. भुंग्यांचं येत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हातानं दूर करता येईल असं कारण तिला मिळालं होतं. "शनिवारपर्यंत एक राहणार नाही," तिनं सांगून टाकलं. "तू फाटकातूनच बघ. एक जरी दिसला तरी परत जा." तो म्हणाला, "बरं, बघू."

गुरुवारी सकाळी तिनं पहार हातात घेतली. शेड लिओनार्डची, तिच्या नवऱ्याची. चाळीस वर्षांत तिनं आत पाऊल टाकलं नव्हतं. ती पुरुषाची जागा. तिथलं आपण काही बघायचं नाही, काही विचारायचं नाही, हा त्या घराचा शिरस्ता होता. फळ्या कुजल्या होत्या, पण खिळे सुटता सुटेनात. तिच्या तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. मनगटावर दोनदा डंख बसला, मानेवर एकदा.

"बेरिल, वेड लागलं का गं तुला?" कुंपणापलीकडून शेजारची विनिफ्रेड ओरडली. "एकाहत्तर वर्षांची घोडी झालीस!"

"माझी नात यायची आहे."

"मग केक कर की! शेड कसली पाडतेस?"

शुक्रवारी संध्याकाळी शेवटची भिंत आडवी झाली. तळाच्या फळ्या उचलल्यावर शेवाळ आणि वाळक्या गवताचा एक गोळा दिसला, आतून घुमणारा. तिनं तो फावड्यानं अलगद बुटांच्या खोक्यात घेतला. दोन-तीन मैल लांब न्यायला तिला गाडी येत नव्हती, आणि कुणापुढे तोंड वेंगाडायचं तिच्या जिवावर आलं होतं. तिनं खोकं बागेच्या टोकाला, झुडपांच्या आडोशाला ठेवलं.

तिथंच चुकलं. शनिवारी सकाळी उन्हाबरोबर भुंगे खोक्यातून निघाले आणि परतताना खोक्याकडे न जाता आपल्या जुन्या जागी आले. शेड होती तिथं आता काळ्या मातीचा चौकोन होता, आणि त्यावर तीस-चाळीस गलेलठ्ठ भुंगे घर शोधत घिरट्या घालत होते. आधी निदान फळ्यांखाली लपलेले तरी होते. बेरिल भांडी पुसायचं फडकं घेऊन त्यांच्या मागे धावत होती. "जा ना रे बाबांनो," ती हुंदके देत म्हणत होती. "आजचा दिवस तरी जा."

गाडी थांबली. एड्रियनची बायको जोआना आणि मुलगी आतच बसून राहिल्या. एड्रियन एकटा उतरला आणि फाटकाशी थांबला. बेरिल हातातलं फडकं घेऊन तशीच उभी राहिली. आता तो वळणार, गाडीत बसणार, आणि पुन्हा रविवारचे फोन.

"शेड कुठंय?" त्यानं विचारलं.

"पाडली रे. खाली घरटं होतं ना, म्हणून. पण हे मेले परत..."

त्यानं फाटक उघडलं. सरळ चालत तो त्या काळ्या चौकोनात जाऊन उभा राहिला. भुंगे त्याच्या पायांवर आपटत होते. एक बाहीवर बसला, तो त्यानं झटकलासुद्धा नाही. पायानं त्यानं मातीवर एक जागा दाखवली.

"दार इथं होतं. बाबा बाहेरून कडी घालायचे."

बेरिलची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली. त्या खिडकीतून शेडचं दार समोरच दिसायचं. आतून एड्रियन दारावर धडका द्यायचा, तेव्हा ती खिडकी लावून घ्यायची आणि रेडिओ मोठा करायची. तो सात वर्षांचा होता, आठ वर्षांचा होता, दहा वर्षांचा होता. शरमेनं तिला मान वर करवेना.

एड्रियननं गाडीकडे वळून हाक मारली, "जोआना, फीबीला घेऊन ये आत."

"अरे थांब, नको आणू!" बेरिल फडकं घेऊन पुढे धावली. "भुंगे आहेत अजून, ती घाबरेल. तू घाबरतोस ना..."

"भुंग्यांना कोण घाबरत होतं, आई?"