नळीचं दुसरं टोक

पुंजाराम मिस्त्रीचे खांदे भरून आले होते. सातपूरच्या आपल्या गॅरेजात त्यानं सकाळीच जुन्या फियाटची टाकी उतरवली, आत मूठभर खडी टाकली आणि खुळखुळ्यासारखी हलवून हलवून गंज झाडला. टाकी आता उन्हात पालथी पडली होती. फिल्टरही धुऊन झाला होता. राहिली होती फक्त टाकीपासून इंजिनापर्यंत जाणारी पेट्रोलची बारीक नळी.

लोडशेडिंगमुळे कॉम्प्रेसर बंद होता. मग त्यानं जुन्या सवयीनं नळीचं इंजिनाकडचं टोक तोंडात धरलं आणि फुंकलं.

पलीकडून कुणीतरी उलट फुंकलं. हवा कोमट होती.

“ललितभाऊ, तिकडून फुंकू नका ना,” तो थुंकत म्हणाला. “सगळा गंज तोंडात येतो.”

“मी तर तुमच्या मागं उभा आहे,” गाडीचा मालक ललित म्हणाला. त्याच्या हातात चहाचे दोन ग्लास होते.

पुंजारामनं वाकून गाडीखाली पाहिलं. नळीचं दुसरं टोक मोकळंच लोंबत होतं. जवळपास कुणी नव्हतं.

विचार करायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. काम उरकून घरी जाऊन पडावं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानं नळी पुन्हा ओठांत धरली आणि छाती भरून फुंकर मारली.

या वेळी काही अडलं नाही. नळी साफ झाली, म्हणून तो थांबला.

तो थांबला, पण श्वास जातच राहिला. छाती रिकामी झाली, गाल आत ओढले गेले, तरी पलीकडून कुणीतरी सावकाश ओढतच होतं.

“मिस्त्री, चहा गार होतोय,” मागून ललित म्हणाला.