लेखी नकार

"जुने कागद जुन्या डॉक्टरांकडे असतील. आम्ही फक्त हॉस्पिटल विकत घेतलंय," व्यवस्थापक तिसऱ्यांदा म्हणाला.

वासंतीच्या वडिलांना सहा वर्षांपूर्वी इथेच पेसमेकर बसवला होता. आता पाठीसाठी एमआरआय करायचा, तर पेसमेकर कुठला हे कळल्याशिवाय त्यांना मशीनमध्ये घ्यायला कुणी तयार नव्हतं. जुने डॉक्टर फोनवर म्हणाले होते, "हॉस्पिटल विकताना सगळ्या फायली त्यांच्या ताब्यात दिल्या. सांभाळायची जबाबदारी त्यांची."

तीन आठवडे ती हेलपाटे घालत होती. आज तिने पिशवीतून कोरा कागद काढून टेबलावर ठेवला. "मग फायली तुमच्याकडे नाहीत असं सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. मी आरोग्य खात्यात नेऊन देते."

व्यवस्थापकाने पेन उचललं, परत ठेवलं आणि किल्ल्या घेऊन तो तळघरात गेला.

वीस मिनिटांत फाईल आली. "मिळाली बघा, ताई," तो हसून म्हणाला.

वासंतीला हसता आलं नाही. वडिलांना तीन आठवडे अंथरुणाला पाठ टेकता आली नव्हती, आणि फाईल या माणसाच्या खुर्चीखालच्या मजल्यावर पडून होती.