थिजलेलं तूप

"सरबत राहू दे. कॉफीच द्यायचीय तिला," म्हणत गुरुदत्तने बायकोच्या, उत्तराच्या, हातातली बाटली बाजूला सारली.

त्यांची लेक प्रीता चढाच्या पायथ्याशी आली, तसा तो आपली बाटली पुढे धरून बर्फातून तिच्या बाजूने धावला. स्कीच्या लांबच्या शर्यतीत घरची माणसं अशीच कडेला उभी राहून धावत्या खेळाडूला प्यायला देतात. प्रीताने न थांबता बाटली घेतली, तोंडाला लावून दाबली, पुन्हा दाबली आणि थोडं पुढे जाऊन फेकून दिली.

"बघ, कशी संपवली!" गुरुदत्त म्हणाला. स्वारी भलतीच खूश होती.

वेस्ट विंडसरजवळच्या प्रयोगशाळेत तो वर्षानुवर्षं उंदरांना चरबी जाळायला शिकवत आला होता. यंदा लेक व्हरमाँटला कॉलेजच्या संघात निवडली गेली आणि बाबांना हुरूप आला. साखर बंद, भात-पोळी बंद, तूप घातलेली काळी कॉफी सुरू. शरीर एकदा चरबीवर चालायला लागलं की माणूस दमतच नाही, असं त्याचं ठाम मत. उंदरांनी कधी तक्रार केली नव्हती. प्रीतानेही केली नाही.

उत्तराला मात्र लेकीकडे बघवत नव्हतं. पोरीचे गाल बसले होते, पाळी थांबली होती, आणि कालपासून तर ती विचारल्याशिवाय बोलतही नव्हती.

बर्फ तुडवत जाऊन तिने ती फेकलेली बाटली उचलून आणली. बाटली जड लागली. उलटी करून दाबली, तर थेंबही पडला नाही. थंडीने तूप थिजून तोंडाशी पांढरं बूच बसलं होतं.

"सकाळपासून हिच्या पोटात काहीही गेलेलं नाही, गुरू."

"अगं, चालतं. तिच्या बॉडीला सवय झालीय आता. फॅट बर्न करतेय ती."

"चढावर साखर लागतेच, हे तूच सांगायचास ना?"

"आता सरबत दिलंस तर एवढ्या दिवसांची मेहनत वाया जाईल. प्लीज, पॅनिक करू नकोस."

ती सरबताची बाटली कोटाच्या आत धरून उभी राहिली. या खेपेला त्याचं ऐकायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. दुसऱ्या फेरीत एकेक करत बाकीच्या मुली पुन्हा त्याच चढावरून गेल्या. मग बराच वेळ कोणीच आलं नाही.

शेवटी प्रीता आली. सगळ्यांच्या मागे, अगदी निवांत. हातमोजे कुठेतरी काढून टाकलेले, जॅकेटची चेन पोटापर्यंत उघडी. ती हसत होती. उत्तराने पुढे होऊन बाटली तिच्यासमोर धरली.

"नको आई, आय ॲम सो वॉर्म!" म्हणत ती बाजूने निघून गेली.

"बघ," गुरुदत्त म्हणाला, "थंडीसुद्धा वाजत नाही तिला."

गारठून शरीर हार मानायला लागलं की माणसाला उलट उकडतं आणि तो कपडे काढू लागतो, हे उत्तराला आठवलं. चढ संपतो तिथे वाट दाखवणारे लाल झेंडे उजवीकडे वळत होते. तिने जिवाच्या आकांताने हाक मारली. प्रीताने मागे वळून उघडा हात हलवला, बक्षीस घ्यायला निघालेल्या मुलीसारखा, आणि सरळ झाडांत शिरली.