रांगला तरी चालेल

पापलेटच्या कालवणातला उरलेला एक तुकडा. न लागणारा फोन. कॉलेजात असताना घेतलेला मॅक, एक की निखळलेली. सैफच्या नावापुढे रोज संध्याकाळी पेटणारा हिरवा ठिपका.

सैफचं भांडण झालं अब्बांशी, पण ईदेपासून त्यानं घरातल्या सगळ्यांनाच ब्लॉक केलंय. दिसतो तो फक्त एका ऑनलाइन गेमच्या साइटवर, खेळणाऱ्यांच्या यादीत.

"मला पण ने तिथं," खदीजा मुलीला, अलिशाला म्हणाली.

"अम्मी, गेम विंडोजचाय. आपल्या या म्हाताऱ्या मॅकवर नाही चालणार."

"नाही चालला तर रांगू दे. रांगला तरी चालेल."

अलिशानं रविवारभर खपून मॅकचा अर्धा भाग रिकामा केला आणि त्यात विंडोज बसवलं. परकं नाव घेऊन दोघी आत गेल्या. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला. खदीजानं बाणाची की दाबली की तिचा खेळाडू दोन पावलं टाकायचा आणि चित्र गोठायचं.

पुढे चाललेला लाल चिलखतवाला थांबला, मागे वळला. खाली अक्षरं उमटली.

"भाईच आहे," त्याच्या डोक्यावरचं नाव दाखवत अलिशा म्हणाली आणि वाचू लागली, "'नवीन का? सावकाश ये. मी थांबतो.'"

खदीजा स्क्रीनच्या अगदी जवळ सरकली.

"लिहू, अम्मी आहे म्हणून?"

"येडी का तू? पळून जाईल."

सैफ उलव्याला राहतो. उरणच्या त्यांच्या घरासमोरून तिथं थेट बस जाते.