जास्तीचा आरसा

"अगं, हा उलटा फिरतोय की!" सर पडद्यापाशी वाकून म्हणाले.

बाहेर भर दुपार होती, आत प्रयोगाची अंधारखोली. पडद्यावर प्रकाशाचं कडं पडलं होतं, मधोमध काळं भोक. कड्यावरून धुळीच्या कणाएवढा काचेचा मणी गरागरा फिरत होता. किरणाला दोरीसारखा पीळ द्यायचा आणि तो वाढवत न्यायचा, की मणी आणखी जोरात पळतो. पळत होताही. फक्त पीळ दिला होता उजवा, आणि मणी धावत होता डावीकडे.

धाकटीनेही पुढे होऊन वाकून पाहिलं. प्रयोग मुळात ताईचा. दोघी जुळ्या, ताई डावखुरी, ही उजव्या हाताची. "समोरासमोर बसवल्या की आरसा नको," असं आई म्हणायची. ताई गेली आणि प्रयोग अर्धवट राहिला. आज जमला नाही, तर खोली दुसऱ्यांना जाणार होती. ताईचं एवढंच काय ते उरलं होतं. तिच्याऐवजी मीच गेले असते तर, असं धाकटी रोज मनात म्हणायची. अगदी मनापासून म्हणायची.

"आरसे मोजलेस का? दर आरशाला पीळ उलटतो."

"चार आहेत, सर. म्हणजे सुलटाच यायला हवा."

सरांनी स्वतः मोजले. चारच. "मग एखादा जास्तीचा असणार कुठेतरी. शोध."

तिने टेबल पिंजून काढलं. काही नाही. दमून ती चार पावलं मागे सरली, तसा मणी थबकला आणि उजवीकडे फिरू लागला. ती जवळ आली. मणी पुन्हा डावीकडे.

म्हणजे जास्तीचा आरसा तीच होती. सरांना हाक मारायला हवी होती. मारली नाही. कड्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन ती पुटपुटली, "ताई?"

मणी इतका वेगात सुटला की दिसेनासा झाला.

"वा! पीळ वाढला बघ!" सर मागून ओरडले. "हं, ही पेन्सिल घे, लिही पटकन."

तिने पेन्सिल घेतली आणि लिहू लागली. सर बघतच राहिले.

"डाव्या हाताने कधीपासून लिहायला लागलीस गं?"

तिने हाताकडे पाहिलं. मग सगळ्या खोलीभर पाहिलं.

"सर," ती घाबरून म्हणाली, "धाकटी कुठंय?"